आमच्या आठ माणसांच्या वकिली कार्यालयाने आयएसओ ९००१ घेतलं, त्या वर्षाची गोष्ट

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी शोधत होते, की लहान वकिली कार्यालयाने आयएसओ ९००१, म्हणजे कामाच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र, घेतल्याचा अनुभव मराठीत कुणी लिहिलाय का. कारखान्यांचे अनुभव मिळाले, दवाखान्यांचे मिळाले, ग्रामपंचायतींचेही मिळाले. वकिलांचं काही हाती लागलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमचं प्रमाणपत्र आलं. मधल्या काळात काय करावं लागलं, कुठे अडलो, किती पैसे गेले, ते क्रमाने लिहून ठेवते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी चार-आठ माणसांचं ऑफिस चालवणाऱ्यांना उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

आमचं ऑफिस सांगलीच्या गावभागात. ज्येष्ठ वकील सर, शिवाय माझे भागीदार वकील, मी, दोन ज्युनिअर, दोन कारकून आणि एक टायपिस्ट. काम बहुतेक दिवाणी: वाटपाचे दावे, मनाईचे दावे, खरेदीखतं, दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज). त्याच्या जोडीला तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांचे चेक न वटल्याचे खटले आणि थोडं फौजदारी. थोरल्या कारकुनांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते सरांकडे जवळजवळ चाळीस वर्षं आहेत. कोणती फाईल कुठल्या रॅकवर, कुणाचं मूळ खरेदीखत कपाटाच्या कुठल्या कप्प्यात, कुठल्या पक्षकाराला फोन लागत नाही म्हणून त्याच्या गावातल्या किराणा दुकानात निरोप ठेवायचा, हे सगळं मामांच्या डोक्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते घरी होते तेवढ्या दिवसांत काम अडलं नाही, पण ते केवळ आम्ही सारखे त्यांना फोन करत होतो म्हणून. ते पलंगावरून सांगायचे, "डावीकडचं रॅक, खालून दुसरी फळी, लाल रुमाल." फाईल तिथेच, त्या कापडी बासनात असायची. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण मामा पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते आणि सरांनी सत्तरी ओलांडली होती.

आधी वाटलं, एखादं सॉफ्टवेअर घेऊ. दोन-तीन पाहिली. तारखा ती चांगल्या सांभाळतात, पण तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवरही फुकट मिळतात. सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक टाकला की रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), पुढची तारीख, निकाल, सगळं दिसतं. आमची अडचण वेगळी होती. नवा पक्षकार आल्यापासून त्याचे कागद परत देईपर्यंत कोण काय करतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमचे एक पक्षकार कुपवाड एमआयडीसीत फाउंड्री चालवतात. त्यांच्याकडे भिंतीवर कामाची पद्धत लिहिलेली असते आणि नवा माणूस ती वाचून कामाला लागतो. ते म्हणाले, "मॅडम, आयएसओ घ्या. प्रमाणपत्रासाठी नाही, वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येऊन विचारतो म्हणून." हा मुद्दा मला पटला. ठरवलेलं पाळतोय का, हे आपलं आपल्याला विचारायला कोर्टाच्या धबडग्यात सवड मिळत नाही.

सरांना मी डिसेंबरात विषय काढला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पक्षकाराचा कागद बाहेरच्या माणसाला दाखवायचा नाही. एवढं सांभाळून जे करायचं ते करा." ही अट पुढे आमच्या सगळ्या कामाचा कणा ठरली. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

सर्वात आधी प्रमाणपत्र कुठून घ्यायचं हा घोळ. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक काढते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्या संस्थांना मान्यता देणारी यंत्रणा आणखी वेगळी. आपल्याकडे ती एनएबीसीबी, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत येणारं मंडळ. चौकशी सुरू केल्याबरोबर मला फोन यायला लागले. आठ दिवसांत प्रमाणपत्र, ऑडिटला कुणी येणार नाही, सहा हजार रुपये. असले कागद घेऊ नका. संस्थेचं नाव एनएबीसीबीच्या यादीत आहे का आणि तिची मान्यता आपल्या क्षेत्राला लागू आहे का, हे दोन्ही पाहा. ऑडिट किती दिवसांचं हेही संस्थेच्या मर्जीवर नसतं. त्याचं आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे. सहा ते दहा माणसांच्या आस्थापनेला पहिल्या वेळी साधारण दोन मनुष्यदिवस धरतात. कुणी अर्ध्या दिवसात उरकतो म्हणाला, तर काय ते समजून घ्यावं.

आम्ही तीन संस्थांकडून दरपत्रकं मागवली आणि मधल्या दराची निवडली. पहिल्या वर्षाचे ६२ हजार, त्यानंतरच्या दोन वर्षांच्या देखरेख ऑडिटचे प्रत्येकी २२ हजार, वर १८ टक्के जीएसटी. वकिलांना या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तो खर्चातच धरा. सल्लागाराचे ४५ हजार वेगळे. सल्लागार घ्यायलाच हवा असं नाही. आम्ही घेतला, कारण मानकाची भाषा पहिल्यांदा वाचताना मला स्वतःला नीट उलगडली नाही.

सल्लागार भला माणूस होता, पण त्याचं आयुष्य कारखान्यांत गेलेलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याने पहिला मसुदा आणून दिला. त्यात मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन होतं, कच्च्या मालाची तपासणी होती आणि नाकारलेल्या मालाचा लाल टॅग होता. मी तो मसुदा बाजूला ठेवला आणि त्याला म्हटलं, तुम्ही तीन दिवस आमच्याबरोबर बसा. एक दिवस विजयनगरच्या कोर्टात, दोन दिवस ऑफिसात. तो खरंच आला. पुकाऱ्याला उभा राहिला, नकलेच्या, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती मिळतात त्या खिडकीपाशी थांबला, संध्याकाळी मामा दुसऱ्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे लागलेल्या प्रकरणांची यादी काढताना पाहत बसला. त्यानंतर त्याने जे प्रश्न विचारले ते फार कामाचे होते. उदाहरणार्थ, "आज निकाल लागला, तर नकलेचा अर्ज कोण करतं आणि तो केला हे तुम्हाला कसं कळतं?" मी, माझे भागीदार आणि ज्युनिअर, तिघांची तीन उत्तरं आली. या एका प्रश्नासाठी त्याची फी वसूल झाली असं मी मानते. तुम्ही सल्लागार घेतलात तर हे करार करतानाच ठरवून घ्या. तयार मसुदे घेऊ नका, त्याला आधी आपल्यात बसवा.

जानेवारी आणि फेब्रुवारी फाईली मोजण्यात गेले. कंटाळवाणं काम, पण सगळ्यात जास्त उलगडा त्यातच झाला. तळमजल्यावर आमची रेकॉर्डची खोली. तिथले रुमाल एकेक करून सोडायचे, आत काय आहे ते लिहायचं, चालू, निकाली आणि परत द्यायच्या असे तीन गठ्ठे करायचे. मामा खुर्चीवर बसून सांगायचे आणि धाकटी ज्युनिअर लिहायची. सुरुवातीला मामा नाराज होते. आपल्याला घालवायचं ठरलंय म्हणून हे विचारून घेताहेत, असं त्यांना वाटत होतं. ते तोंडाने बोलले नाहीत, पण दुपारचा चहा आमच्याबरोबर घेईनासे झाले. मग सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, की कार्यपद्धतीच्या प्रत्येक पानावर ती कुणी सांगितली ते लिहायचं, आणि ज्या पानावर मामांचं नाव आहे ते त्यांच्या सहीशिवाय अंतिम होणार नाही. आज आमच्या अकरा कार्यपद्धतींपैकी सातांवर मामांची सही आहे. त्यानंतर त्यांनी स्वतः दोन गोष्टी सुचवल्या, ज्या आम्हाला कधीच सुचल्या नसत्या. त्यातली एक सांगते. वाटपाच्या दाव्यात वीस-वीस पक्षकार असतात, निम्मे सत्तरीच्या पुढचे. त्यातलं कुणी गेलं तर घरचे वकिलाला कळवत नाहीत. मृत्यूपासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत तर दावा त्या पक्षकारापुरता रद्द होतो आणि मग रद्द झालेला दावा पुन्हा उभा करण्याची धावपळ. मामा गेली कित्येक वर्षं प्रत्येक तारखेला आलेल्या पक्षकाराला विचारतात, "घरची सगळी बरी आहेत ना?" आम्हाला वाटायचं, ते आपुलकीने विचारतात. आपुलकी होतीच, पण त्यात हेही काम होतं. आता आमच्या तारखेच्या नोंदपत्रकावर एक ओळ छापलेली आहे: सर्व पक्षकार हयात आहेत का, कुणाकडून विचारून घेतलं.

त्याच मोजणीत मूळ कागदांचा प्रश्न वर आला. मानकात ग्राहकाच्या मालमत्तेचं एक कलम आहे. ग्राहकाची जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे ती ओळखता आली पाहिजे आणि सांभाळली गेली पाहिजे. कारखान्यात ती डाय किंवा पॅटर्न असते. आमच्याकडे खरेदीखतं, जुने फेरफार, मृत्युपत्रं, सोसायटीचे शेअर दाखले. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एका जुन्या मिठाईच्या खोक्यात पंचवीसेक मूळ दस्त निघाले, त्यातले काही निकाल लागून दहा वर्षं झालेल्या प्रकरणांतले. पक्षकारांनी मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा ठेवून घ्यायला काही कारणच नव्हतं. आम्ही एकेकाला शोधून पत्रं पाठवली. आटपाडीकडच्या एका आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांनी विहिरीच्या हिश्शाचा कागद दिलेला होता. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यो त्यांचाच." पोच घेतली, ज्युनिअरने नोंद केली. आता मूळ कागद आला की त्याच दिवशी वहीत चढतो, पक्षकाराला पोच मिळते, दस्ताची स्कॅन प्रत होते आणि शक्य असेल तर मूळ तिथल्या तिथे परत जातं. वही साधी आहे, दोनशे पानी. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

मार्च ते मे लिहिण्यात गेले. मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत जाडजूड मॅन्युअलची सक्ती नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमचं सगळं लिखाण साठ पानांच्या आत बसलं आणि ते मराठीत आहे. सल्लागाराने इंग्रजीचा आग्रह धरला होता. मी नाही म्हटलं. ज्यांनी ते पाळायचं त्या कारकुनांना आणि टायपिस्टला वाचता आलं नाही तर ते कुणासाठी लिहायचं? ऑडिटरनेही पुढे मराठीबद्दल काही हरकत घेतली नाही.

या सगळ्यात माझ्या मते मोलाची एकच गोष्ट निवडायची झाली तर ती मुदतीची वही. तारीख चुकली तर पुढची तारीख मिळते, दंड भरून सावरता येतं. मुदत चुकली तर पक्षकाराचा हक्क जाऊ शकतो. विलंब माफीचा अर्ज असतो, पण तो मंजूर होईलच याची हमी नसते आणि काही मुदतींना तोही फारसा कामाला येत नाही. आमच्या वहीत प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: मुदत कधीपासून सुरू, कोणत्या कायद्याने, शेवटचा दिवस कोणता, आमचा अंतर्गत दिवस कोणता. अंतर्गत दिवस शेवटच्या दिवसाच्या सात दिवस आधीचा धरतो. मुदत दोन माणसांनी वेगवेगळी काढायची आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ओळ पुरी समजायची नाही. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. समन्स बजावल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. चेकच्या प्रकरणात तो न वटल्याचा बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि ते संपल्यावर तक्रारीला एक महिना. महिना म्हणजे तीस दिवस नव्हे, कॅलेंडरचा महिना. हे सगळे आकडे प्रत्येक वकिलाला पाठ असतात. पण बागायतदार जेव्हा मेमो खिशात ठेवून बावीस दिवसांनी येतो, तेव्हा मेमो त्याला नेमका कधी मिळाला हे त्याच वेळी विचारून, पाकिटावरचा शिक्का पाहून लिहून ठेवणं, हे पाठ असून होत नाही. नवा पक्षकार आला की भरायच्या फॉर्ममध्ये आता हा प्रश्न पहिल्या पानावर आहे. नकलेच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. त्यातले कोणते दिवस मुदतीतून वगळायचे, तेही वहीत वेगळ्या रकान्यात काढतो.

आणखी एक जागा, जिथे ही पद्धत लगेच उपयोगी पडली. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. टायपिस्टच्या संगणकावर वर्षानुवर्षांचे नमुने, त्यात अटकपूर्व जामीन कलम ४३८ चा. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ चा. पोटगीचं कलम १२५ आता १४४. आधीच्या गुन्ह्यांचे आणि चालू प्रकरणांचे संदर्भ मात्र कुठे कुठे जुनेच. मानकात दस्तऐवजावरचं नियंत्रण नावाची गोष्ट आहे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, आवृत्ती आणि तारीख द्यायची, जुना नमुना कामाच्या फोल्डरमधून उचलून वेगळ्या जागी ठेवायचा. वाचताना हे फार कागदी वाटतं. करून पाहा. टायपिस्टने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की आता कुठली फाईल उघडायची याचा विचार करावा लागत नाही.

गुणवत्तेची उद्दिष्टं ठरवताना आमच्यात वाद झाला. सल्लागाराने सहज विचारलं, किती टक्के दावे जिंकायचे ठेवायचे? सरांचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकलाय, तो त्या दिवशी ऐकला. निकाल कोर्टाच्या हातात. त्याची टक्केवारी वकिलाने कुणाला सांगूही नये आणि स्वतःपुरती मांडूही नये, कारण मग अवघड प्रकरणं घेणंच बंद होईल. आम्ही आमच्या हातातल्याच गोष्टी ठेवल्या. तारखेला काय झालं ते पक्षकाराला त्याच संध्याकाळी कळवणं. निकालानंतर दोन कामाच्या दिवसांत नकलेचा अर्ज. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती, आणि कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च फीपासून वेगळा दाखवणं. पहिलं उद्दिष्ट सगळ्यात जड गेलं. ज्युनिअर दमून यायचे, मेसेज राहायचा. शेवटी कोर्टातून निघण्याआधी, गाडीला किल्ली लावण्यापूर्वी मेसेज टाकायचा असा नियम त्यांनीच केला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंतर्गत ऑडिट केलं. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. म्हणून ज्युनिअरने माझ्या फाईली तपासल्या आणि मी हिशेब. तिला माझ्या फाईलवर शेरा मारायला संकोच वाटत होता. सरांनी आपली फाईल पुढे केली, "आधी ही बघ." मग तिची भीड चेपली. जूनमध्ये मॅनेजमेंट रिव्ह्यू, म्हणजे सगळ्यांची बैठक, इतिवृत्तासह. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. एका दुपारी उरकते.

आता गुप्ततेबद्दल. वकील आणि पक्षकारातला संवाद कायद्याने सुरक्षित आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. ते संरक्षण वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, पण ऑडिटर आमचा कर्मचारी नाही. त्याला फाईल उघडून दिली तर आम्ही पक्षकाराचा विश्वास मोडला असं होईल. त्यामुळे करारावर सही करण्याआधीच आम्ही संस्थेला लेखी कळवलं. ऑडिटर वह्या पाहील, पण नावांच्या रकान्यावर पट्टी असेल. फाईलच्या वर एक पिवळं नियंत्रणपत्रक असतं, ज्यात फक्त क्रमांक, तारखा आणि सह्या असतात, ते पाहील. फाईलच्या आत पाहायचंच असेल तर कोर्टात दाखल झालेले कागद, रोजनामा आणि आदेश एवढंच. पक्षकाराची पत्रं, आमची टिपणं, सल्ला, काही नाही. फोटो काढायचे नाहीत. एका संस्थेने हे मान्य केलं नाही, म्हणून ती आम्ही सोडली. ज्यांनी मान्य केलं त्यांच्याकडून गोपनीयतेचा स्वतंत्र करार घेतला. हे आधी ठरवा. ऑडिटच्या दिवशी हा वाद घालणं फार कठीण जाईल.

जुलैत स्टेज एक झाली. यात ऑडिटर मुख्यतः लिखाण पाहतो आणि तुम्ही दुसऱ्या टप्प्याला तयार आहात का ते सांगतो. त्याने दोन मुद्दे काढले. कामाची व्याप्ती मोघम लिहिली होती, ती नेमकी करा. आणि बाहेरून घेतलेल्या सेवा, म्हणजे मुंबईचे वकील, मोजणीदार, मालमत्तेच्या जुन्या नोंदींचा सर्च करून देणारे, यांचं मूल्यमापन कसं करता ते दाखवा. मग त्याने एक प्रश्न विचारला जो मला अपेक्षित नव्हता. हवामान बदल तुमच्या कामाला लागू होतो का? २०२४ च्या फेब्रुवारीत या मानकात तशी दुरुस्ती आली आहे. प्रत्येकाने हा विचार करून ठेवायचा असतो. बऱ्याच सेवा देणाऱ्यांकडे याला नाही असं उत्तर असेल. सांगलीच्या गावभागात तसं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. आमच्या तळमजल्यावरच्या कित्येक फाईलींना अजून त्या पाण्याचा वास आहे. पूर आला की फाईली वर न्यायच्या, हे आम्ही तेव्हाही करत होतो, पण कधी आणि कुणी, हे ऐनवेळी ठरायचं. आता लिहिलेलं आहे. पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेलं की खालच्या दोन फळ्या रिकाम्या, कोण उचलणार त्यांची नावं, आणि मूळ दस्तांचं कपाट कायमचं पहिल्या मजल्यावर. रॅकना ३८ हजार, स्कॅनरला २७ हजार गेले. हे पैसे प्रमाणपत्र नसतं तरी घालायला हवे होते.

ऑगस्टमध्ये आमच्या सगळ्यांच्याच कामात मोठा बदल झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. सांगलीची प्रकरणं तिकडे. या बेंचसाठी सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार कित्येक वर्षं झगडत होते. आनंद खूपच होता, पण कार्यालयात एकदम सगळं हललं. मुंबईतल्या वकिलांकडे असलेली प्रकरणं कोणती, त्यांचे कागद कुठे, वकीलपत्र बदलायचं का, पक्षकाराला खर्चाचा नवा अंदाज कोण देणार. बदल करायचा तर तो ठरवून करा, असं मानकात एक छोटं कलम आहे. आम्ही वहीतून उच्च न्यायालयाच्या सगळ्या प्रकरणांची यादी एका सकाळी काढली आणि प्रत्येकापुढे नाव टाकलं. वर्षभरापूर्वी ही यादी करायला मामांना समोर बसवावं लागलं असतं.

सप्टेंबरमध्ये स्टेज दोन, दोन दिवस. ऑडिटर शांत होता, आवाज न चढवता सारखं विचारत होता, "दाखवा." मुदतीच्या वहीतली मधलीच एक ओळ त्याने बोट ठेवून निवडली. धाकट्या कारकुनाने पिवळं पत्रक आणलं, ज्युनिअरने दोन्ही सह्या दाखवल्या, कोर्टाच्या शिक्क्याची दाखल तारीख दाखवली. मामा दारात उभे होते. ऑडिटरने त्यांना विचारलं, "तुम्ही नसताना हे सापडलं असतं?" मामा म्हणाले, "मी आत्ताही काही सांगितलं नाही की."

दोन छोट्या एनसी, म्हणजे ठरवलेल्या पद्धतीशी न जुळणाऱ्या त्रुटी, निघाल्या. एका ज्युनिअरच्या लॅपटॉपवर जुन्या आवृत्तीचा नमुना होता, आणि टायपिस्टच्या प्रशिक्षणाची नोंद अपुरी होती. एनसी निघाली म्हणजे नापास नव्हे. कारण शोधायचं, दुरुस्ती करायची, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते ठरलेल्या मुदतीत लिहून पाठवायचं. कारण लिहिताना "दुर्लक्ष झालं" असं लिहू नका. ते स्वीकारत नाहीत आणि ते बरोबरच आहे. नमुना लॅपटॉपवर का राहिला? कारण ज्युनिअर घरून काम करते आणि सामाईक फोल्डर घरून उघडत नव्हता. म्हणून फोल्डरची सोय केली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं, तीन वर्षांचं.

ते आम्ही दर्शनी भागात लावलेलं नाही, पाटीवर नाही, लेटरहेडवरही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि असं प्रमाणपत्र मिरवणं त्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडेल यावर वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. ज्या बँकेच्या पॅनेलच्या अर्जात लेखी कार्यपद्धती आहे का असं विचारलेलं असतं, तिथे उत्तर देतो. बाकी ते फाईलमध्ये आहे. काही परिचित वकिलांनी विचारलं, मग एवढा खर्च कशाला? सगळं धरून पहिल्या वर्षी पावणेदोन लाखांच्या वर गेले, हे खरं आहे. तो खर्च प्रत्येकाने करावा असं मला वाटत नाही. तीन माणसांचं ऑफिस असेल तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. मुदतीची वही आणि मूळ कागदांची वही, या दोन आजच सुरू करा, दोन्ही शंभर रुपयांच्या आत होतात. वर्षभर नेमाने चालल्या तर मग पुढचं पाहा. आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये साठवलेली प्रकरणं त्या एका फोनवरच राहतात, तेव्हा दर महिन्याला त्यांचा बॅकअप काढून दुसऱ्या माणसाकडे ठेवा.

मामा दिवाळीनंतर निवृत्त झाले. आठवड्यातून दोनदा दुपारी येतात, नव्या कारकुनाला नकलेच्या अर्जाच्या खाचाखोचा सांगतात, आणि त्या सांगून झाल्या की कार्यपद्धतीच्या कुठल्या पानात त्या घालायच्या हेही स्वतःच सांगतात. पहिलं देखरेख ऑडिट २०२६ च्या पावसाळ्यानंतर आहे. मानकाची सुधारित आवृत्तीही येऊ घातली आहे, तेव्हा ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी संस्थेशी करार करताना नव्या आवृत्तीकडे जाण्याचा खर्च दरात धरलाय का, हे विचारून घ्या. आमच्या करारात तो धरलेला नव्हता. तो वेगळा लिहून घ्यावा लागला.